बांबूतला चापडा

ऑगस्ट लागला आणि मोठ्या शेडचा पंखा बसला. रात्रीत केव्हा बसला ते कुणाला कळलं नाही. सकाळी डेव्हिडनं दार सरकवलं तर उकळत्या भातावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. आत फर्नच्या रांगाच्या रांगा माना टाकून बसल्या होत्या. त्यानं एक पान बोटांत धरलं. त्याचा चुरा झाला.

अमिरातीतलं शहर मागे टाकून, उंटांच्या गोठ्यांच्याही पुढे, वाळूत ती नर्सरी होती. कडेनं गाफची झाडं, वर हिरवी जाळी, आणि मागच्या अंगाला पत्र्याची एक केबिन. तिच्यात डेव्हिड, त्याची बायको टेसा आणि मुलगी जोआना राहत. नवराबायको दोघं नर्सरीतच कामाला. तो झाडं आणि माणसं सांभाळायचा, ती कलमं बांधायची, कुंड्या भरायची. दोघंही वसईच्या वाडीत वाढलेली, केळीच्या पाटात पाय भिजवत. हात मातीत असले की दोघांना बरं वाटे, मग ती माती प्लास्टिकच्या पोत्यातून आलेली का असेना.

मॅनेजर उपेंद्र आठच्या सुमाराला आला. मूळचा डोंबिवलीचा, डेव्हिडपेक्षा बराच लहान. शेडमध्ये शिरला आणि तिथंच थांबला.

"हे काय झालं?"

"मोटर जळली. मी मागच्या महिन्यातच बोललो होतो, आवाज करतेय म्हणून."

"बोलला होतास! बोलून काय होतं? बघायचं कुणी? झोपला होतास का तू?"

इतकी वर्षं उपेंद्र त्याला 'तुम्ही' म्हणत आला होता. कुंड्या उचलणारी माणसं जागच्या जागी उभी राहिली. पिकअप चालवणारा वली पठाण खाली बघून बुटानं वाळू उकरू लागला.

 फर्न आणि बांबू दोन्ही एकाच हॉटेलसाठी होते. फर्न तर गेले. बांबू आठवड्यापूर्वीच थायलंडहून थंड कंटेनरमधून जबल अली बंदरात उतरला होता आणि मागच्या छोट्या शेडमध्ये होता. तिथला कूलर चालू होता. हॉटेलची मॅडम परवा बघायला येणार होती. तिनं नको म्हटलं तर नर्सरी चालणार कशी, असं अरबाबनं, नर्सरीच्या मालकानं, उपेंद्रला फोनवर ऐकवलं होतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. कोपऱ्यातली बादली त्यानं पायानं पुढे सरकवली. काठावर एक फडकं वाळत होतं.

"बांबू तरी नीट दाखव. पानं पूस. एकेक पान. धूळ दिसता कामा नये."

पानं पुसायचं काम नवीन आलेल्या माणसांचं. डेव्हिडनं फडकं उचललं, पिळलं आणि चालू लागला.

संध्याकाळी केबिनमध्ये तिघं जेवायला बसली. टेसानं सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. डेव्हिड दोन घास कमीच जेवला. जोआना मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डॅड, यू शुड टॉक टू हिम."

"जेव तू," टेसा म्हणाली. नवऱ्याच्या ताटात तिनं आणखी कालवण ओतलं. "उद्या पानं मी पुसते. तू त्या मोटरकडं बघ. माझा हात हलका आहे, पानं फाटायची नाहीत."

"मला सांगितलंय त्यानं."

"पानांना काय कळतंय कोण पुसतंय ते?"

उन्हाळ्यात काम उजाडायच्या आधी सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशी टेसा बादली घेऊन छोट्या शेडमध्ये गेली. कूलरचं पाणी पॅडवरून ठिबकत होतं, आत गार होतं, आणि बांबूच्या दाट जाळीत अजून अंधार रेंगाळला होता. ती वरून खाली पुसत होती. डाव्या हातात फांदी, उजव्या हातात फडकं. मनगट आत गेलं आणि कुणीतरी दोन तापलेल्या सुया एकदम खुपसाव्यात तसं झालं.

"जेजू! काय चावलं गो हे!"

डेव्हिड शेजारच्या शेडमध्ये मोटरचे नट काढत होता. पाना हातातच घेऊन तो धावला. टेसा बादलीपाशी उभी होती, डाव्या हातानं उजवं मनगट धरून. अंगठ्याच्या खाली दोन ठिपके होते आणि त्यांतून रक्त बारीक धारेनं कोपराकडं उतरत होतं.

"विंचू असेल," ती म्हणाली.

डेव्हिडनं बांबूत पाहिलं. आधी काहीच दिसेना. मग पानांमधलं एक पान जरा जाडसर वाटलं. छातीच्या उंचीवर, दोन कांड्यांना शेपटी गुंडाळून तो बसला होता. वरून पोपटी हिरवा, ओठाखाली पिवळट पांढरा, शेपटीचं टोक गंजल्यासारखं तांबडं. डोकं तळहातासारखं रुंद. चावूनही तो पळाला नव्हता. जागचा हललाही नव्हता.

"चापडा," डेव्हिडच्या तोंडून निघालं. लहानपणी मांडवाचे बांबू आणायला काकाबरोबर तुंगारेश्वरच्या डोंगरात गेला होता, तेव्हा काकानं कोयत्याच्या टोकानं असाच एक दाखवला होता. काका म्हणाला होता, माणूस सहसा मरत नाही, पण हात सडतो. त्यातलं पुढचं तेवढंच आता डोक्यात घोंगावू लागलं.

वली धावत आला. साप बघून त्यानं फावडं उचललं.

"मत मार!" डेव्हिड ओरडला. "गाडी निकाल. पहले गाडी!"

वलीनं फावडं टाकलं, खांद्यावरचा रुमाल काढला आणि टेसाच्या दंडाला करकचून आवळायला घेतला. "हमारे गाँव में ऐसेइच बांधता है."

"नो! डोन्ट टाय इट!" जोआना झोपेतून उठून अनवाणी आली होती, मोबाईल हातात. "डॅड, टेल हिम. बांधायचं नाही. कापायचं नाही. चोखायचं नाही. हात स्टिल ठेवायचा. अँड टेक ऑफ द रिंग, नाऊ!"

डेव्हिडला कुणाचं ऐकावं कळेना. वली वयानं मोठा, पोरगी सोळाची. त्यानं टेसाकडं पाहिलं. ती म्हणाली, "पोरीचं ऐक."

वलीनं रुमाल सोडला. डाव्या हाताच्या बोटात लग्नाची अंगठी होती, ती चटकन निघाली. उजव्या हाताच्या मधल्या बोटात आईनं दिलेली दुसरी होती आणि ते बोट तेवढ्यात फुगलं होतं. माव्याच्या किडीवर फवारायच्या साबणाचा पंप तिथंच पडला होता. डेव्हिडनं तिच्या बोटावर साबण सोडला आणि अंगठी पिळत पिळत ओढली. टेसानं दात आवळले. सांध्यावरचं कातडं सोलवटून अंगठी हातात आली.

निघता निघता जोआनानं सापाचे फोटो काढले, लांबून आणि वाकून. "जवळ जाऊ नकोस!" डेव्हिड ओरडला. "आय नो, डॅड."

पिकअपमध्ये मागच्या सीटवर टेसा डेव्हिड आणि जोआनाच्या मध्ये बसली, हात मांडीवरच्या उशीवर. दोन्ही बाजूंना वाळूवर ऊन चढत होतं. सूज पंजापासून मनगटापर्यंत चढली, मग मनगटाच्या पुढे. कातडी ताणून चकाकायला लागली.

"दुखतंय?"

"भाजतंय. आतून." थोड्या वेळानं ती म्हणाली, "गॅसवर दूध ठेवलं होतं मी."

"आय टर्न्ड इट ऑफ, ममा."

"आणि बांबूची अर्धी रांग राहिली."

"गप बस गो," डेव्हिड म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.  वली तोंडानं दुवा पुटपुटत गाडी हाकत राहिला.

हॉस्पिटलमधली डॉक्टर सबा नावाची होती, लाहोरकडची, बुटकी, चष्मा कपाळावर ढकललेली. तिनं आधी हात पाहिला, मग नाडी, मग हिरड्या. पेनानं सुजेच्या कडेला रेघ ओढली आणि विचारलं, "साप देखा किसी ने?"

"चापडा है," डेव्हिड म्हणाला. "हमारे वसई में होता है. बांबूवाला."

जोआनानं मोबाईल पुढे केला. सबानं फोटो मोठा करून पाहिला, मग बाहेर जाऊन दोन-तीन फोन केले. परत आली ती स्टूल ओढून डेव्हिडच्या समोर बसली.

"खानदान आपने सही बताया. चापडे का ही भाई है. पर ये आपके वसई वाला नहीं, थायलंड वाला है. होंठ सफेद हैं, देखिए." मग ती सावकाश समजावू लागली. इथल्या वाळूतल्या सापांचं औषध हॉस्पिटलमध्ये होतं, पण ते या सापावर चालत नव्हतं. उगाच टोचलं तर फायदा नाही, त्रास मात्र व्हायचा. हा साप सहसा जीव घेत नाही. सूज येते, आणि कधीकधी रक्त गोठायचं थांबतं. ते थांबलं तर मात्र त्याचंच औषध लागेल.

"वो कहाँ मिलेगा?"

"ढूँढ रहे हैं. इन्शाल्ला."

मलयाळी नर्सनं टेसाच्या डाव्या हातातून रक्त काढून काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी केली. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नव्हता. डेव्हिड भिंतीला टेकून त्या नळीकडं बघत राहिला. वेळ झाल्यावर नर्सनं नळी आडवी केली. रक्त जेलीसारखं तळाशी घट्ट बसलेलं होतं. "गुड," ती म्हणाली.

दुपारी पुन्हा नळी भरली. तोवर सूज कोपर ओलांडून गेली होती, पेनाच्या चार रेघा मागे पडल्या होत्या, आणि हात निळसर जांभळा झाला होता. टेसाला ओकाऱ्या झाल्या. डेव्हिडनं तिचं तोंड पुसलं तर टिशूवर लाल उमटलं. हिरड्यांतून येत होतं.

नर्सनं नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहत तोंडापर्यंत आलं. ती नळी घेऊन सबाकडं पळाली.

सबा पुन्हा फोनवर गेली. दुसऱ्या अमिरातीत एका प्राणिसंग्रहालयात हे साप पाळलेले होते, आणि पाळणाऱ्यांसाठी त्यांच्या फ्रीजमध्ये त्याच सापाचं सिरम होतं. ते द्यायला तयार झाले. कागदपत्रं सबा करणार होती. सरकारी गाडीनं यायला मात्र संध्याकाळ उलटून जाईल म्हणत होते.

"कोई जा सकता है लेने?" तिनं विचारलं.

डेव्हिडनं वलीला हाक मारायला मान वळवली तर दारात उपेंद्र उभा होता. केव्हा आला कुणास ठाऊक. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"मी जातो," उपेंद्र म्हणाला. "माझी गाडी फास्ट आहे. डॉक्टर, लोकेशन भेजिए."

"ठंडा रखना है. बर्फ में. जमना नहीं चाहिए."

नर्सरीत माणसांसाठी लबन ठेवायची निळी पेटी होती, ती वलीच्या पिकअपमध्येच होती. उपेंद्रनं ती स्वतः उतरवली, आतल्या ताकाच्या बाटल्या फुटपाथवर काढून ठेवल्या आणि पेटी उचलून पळत गाडीकडं गेला. डेव्हिडनं त्याला पळताना कधी पाहिलं नव्हतं.

तो परत येईपर्यंतचा वेळ डेव्हिडला सोसवेना. टेसाला टॉयलेटला जायचं होतं, पण उजवा हात वर टांगलेला, डाव्यात सलाईन. नर्स दुसरीकडं गुंतली होती. डेव्हिडनंच तिला उठवलं, गाऊनच्या नाड्या सोडल्या, परत बांधल्या. टेसा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"पोरीला बाहेर पाठव," ती म्हणाली.

"बाहेरच आहे ती."

"तुला हे सगळं करायला लागतंय."

"तू नाही केलंस? माझी कंबर धरली होती तेव्हा?"

ती हसली. दात लाल दिसले. डेव्हिडनं रुमाल ओला करून ते पुसले, एकेक.

ऊन उतरायच्या आत उपेंद्र आला. पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, बर्फाचं पाणी पँटवर सांडलेलं. सबानं बाटल्यांवरची अक्षरं वाचली, मान हलवली आणि आत गेली. उपेंद्र डेव्हिडच्या शेजारच्या खुर्चीत बसला. 

"मोटरचं तुम्ही सांगितलं होतंत," उपेंद्र म्हणाला. "मीच वर कळवलं नाही. नवीन मागायची लाज वाटली."

डेव्हिडनं त्याच्या भिजलेल्या पँटकडं पाहिलं. "चहा पिता?" त्यानं विचारलं.

सिरम हळूहळू थेंबानं गेलं. टेसाच्या गळ्यावर गांधी उठल्या, त्यावर आणखी एक इंजेक्शन दिलं, त्या बसल्या. रात्री उशिरा रक्त किंचित धरू लागलं असं नर्सनं सांगितलं. सकाळी नळी आडवी केली तेव्हा रक्त तळाशी चिकटून बसलं, हललंच नाही. डेव्हिडनं ती नळी नर्सच्या हातातून मागून घेतली आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. वली जमिनीवर बसून बिस्किट खात होता. तो उठून आला, त्यानंही पाहिलं.

"शुक्र है," तो म्हणाला.  डेव्हिडनं वलीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याच्या कुडत्याला डिझेलचा वास येत होता.

टेसाला आणखी काही दिवस ठेवून घेतलं. डेव्हिड कपडे न्यायला नर्सरीत आला तेव्हा वली त्याला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेला. हॉस्पिटलमधून परतल्यावर साप न मारता त्यानं आणि दुसऱ्या एकानं लांब चिमट्यानं धरून निळ्या पिंपात टाकला होता, वर बारीक जाळी ताणून बांधली होती. खोलीत एसी लावला होता. वन्यप्राणी विभागाचे लोक न्यायला येणार होते.

"देखो, क्या किया इसने," वली म्हणाला.

आतल्या बांबूच्या तुकड्यावर ती मादी वेटोळं करून होती, आणि तिच्या अवतीभवती बोटाएवढी पिल्लं. अंडी नाहीत, टरफलं नाहीत. जिवंतच घातली होती. हिरवी, ओली, डोकं अंगापेक्षा रुंद. एका पिल्लानं शेपटीचं तांबडं टोक वर उचललं आणि अळीसारखं वळवळवलं, बाकीचं अंग दगडासारखं निश्चल ठेवून.

"ऐसे मेंढक को बुलाता है," वली म्हणाला. काल फोनवर त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "मारना है तो बोलो. तुम्हारी बीवी को काटा, तुम्हारा हक है."

डेव्हिड वाकून बघत राहिला. राग यावा म्हणून त्यानं टेसाचा जांभळा हात डोळ्यांसमोर आणून पाहिला. राग आला नाही. सापाच्या कातडीवर सुरकुत्या दिसत होत्या, पाणी न मिळालेल्या रोपासारख्या.

"पानी दिया?"

"कटोरी रखा है. पीता नहीं."

डेव्हिडनं रोपांवर धुकं मारायचा हातपंप आणला. जाळीतून बारीक फवारा सोडला, जसा नाजूक कलमांवर सोडतात, वरून, हळू. थेंब हिरव्या खवल्यांवर मोत्यांसारखे बसले. मादीनं डोकं किंचित वळवलं आणि आपल्याच अंगावरचे थेंब ती टिपू लागली. मग एक पिल्लू, मग दुसरं. डेव्हिड पंप दाबत राहिला, पिणं थांबेपर्यंत.

न्यायला आलेल्या लोकांत शुभ्रा नावाची एक मुलगी होती, इथंच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी. तिनं लांब आकड्यानं मादीला अलगद उचलून पेटीत घेतलं. नंतर डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला खड्डा टॉर्चनं दाखवला.

"यानं तिला ऊब दिसते, अंकल. अंधारात पण. आंटीचा हात तिला निखाऱ्यासारखा दिसला असणार. ती पळत नाही, फ्रीझ होते, कारण तिला वाटतं आपण पान आहोत. हात अगदी अंगावर आला तेव्हाच चावली."

"पोटात पिल्लं होती," डेव्हिड म्हणाला.

"येस. आणि इथं वाळूत सोडली असती तर दोन दिवस पण जगली नसती. थँक यू, मारलं नाहीत."

हॉटेलनं बांबू घेतला नाही. सापाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. उपेंद्रनं अरबाबला जाऊन सगळं खरं सांगितलं, मोटरचंही. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण नवीन मोटर दुसऱ्याच दिवशी आली आणि आलेल्या प्रत्येक कंटेनरवर काठ्या आपटून, टॉर्च मारून बघायचा नियम झाला. नोकऱ्या राहिल्या.

टेसा घरी आली तेव्हा तिच्या हाताची साल केळीच्या खोडावरच्या जुन्या सोपटासारखी निघत होती. बोटं मिटत नव्हती, हात कोपरात वाकत नव्हता. डेव्हिड तिची वेणी घालायला शिकला. पहिले काही दिवस वेणी सैल पडून अर्ध्या तासात सुटायची. जोआना भात लावायची, तो कधी कच्चा, कधी गाळ. टेसा डाव्या हातानं जेवायची, सांडायची, आणि कुणी बघत नाहीसं पाहून सांडलेलं गोळा करायची. रोज सकाळी डेव्हिड तिचा हात कोमट पाण्यात धरून एकेक बोट वाकवायचा. ती त्याला शिव्या द्यायची. तो मोजत राहायचा.

ऑक्टोबर लागला आणि एका संध्याकाळी वारा बदलला. दार उघडं ठेवून बसता येऊ लागलं. टेसानं सगळ्यांना जेवायला बोलावलं. केबिनबाहेर वाळूवर चटया टाकल्या. उपेंद्र बायकोला, वीणाला, घेऊन आला. तिनं पुरणपोळ्या आणल्या होत्या. वली धुतलेला कुडता घालून आला आणि चटईच्या अगदी कडेला बसला. डॉक्टर सबाला ड्यूटी होती, तिनं फोनवर सगळ्यांना सलाम सांगितला. जोआनानं ताटं मांडली. मच्छीचं कालवण टेसानंच केलं होतं, नारळ डेव्हिडनं खवला होता.

सगळे बसले. वीणानं घास उचलायला हात पुढे केला आणि थांबली, कारण टेसानं डोळे मिटले होते.

टेसानं उजवा हात मांडीवरून उचलला. हात थरथरत वर गेला, कोपर आवाज करत वाकलं, आणि बोटांची टोकं कपाळाला टेकली. "पित्याच्या," ती म्हणाली. मग हात छातीवर आला. "पुत्राच्या." डाव्या खांद्याकडं जाताना तो मध्येच अडला. डेव्हिडचा हात आपोआप पुढे झाला. तिनं डोळे न उघडताच मान हलवून त्याला थांबवलं. हात थोडा टेकला, पुन्हा उचलला, खांद्याला लागला, तिथून फिरून दुसऱ्या खांद्याला लागला. वाऱ्यानं चटईची कड उलटी होत होती. वलीनं ती पायानं दाबून धरली. त्याचे दोन्ही तळहात उघडे, मांडीवर होते.

"आमेन," टेसा म्हणाली.

"आमीन," वली म्हणाला.

उपेंद्र ताटाकडं बघत होता. वीणा पदरानं डोळे पुसत होती. डेव्हिडला घास दिसेना.

"वाढ गो जोआना," टेसा म्हणाली. "भात निवतोय."